मापाचा दिवस

उन्हाळ्यात एकदाच मोजायचं दूध.
जुलैतल्या ठरल्या दिवशी संध्याकाळची धार
आणि दुसऱ्या सकाळची.
त्या दोन धारांवर अख्ख्या मोसमाचं चीज वाटायचं,
कुणाला किती चाकं, ते.
बाकीचे नव्वद दिवस कुणी विचारत नाही
कुठली गाय किती देते.
ग्राउब्युंडेनच्या आमच्या खोऱ्यात
हा हिशेब माझ्या पणजोबांहून जुना.

मी गुराखी. गाय माझी एकही नाही.
चौसष्ट गाई, अकरा मालक, एक कुत्रा,
आणि झाडं चढायची थांबतात तिथून
हिमनदीच्या तोंडापर्यंतचं गवत.

मेंगियाची एकच गाय. ब्रुना.
तपकिरी, डाव्या शिंगाचं वळण चुकलेलं,
नाकाभोवती पिठात तोंड घातल्यासारखी पांढरी कड.
नवरा ओंडक्याखाली गेल्यापासून
त्या घरात दुभतं जनावर एवढंच.

मापाच्या आधी आठ दिवस गारा पडल्या.
वीज शेजारच्या कड्यावर फुटली
आणि ब्रुनानं पान्हा चोरायला सुरुवात केली.
मी कासेला कोमट पाणी लावलं, मीठ चाटवलं,
शिव्या दिल्या, मग शिव्यांची माफी मागितली.
चरवीचा तळ जेमतेम झाकायचा.

झऱ्यापलीकडे एक पट्टा आहे, राखीव.
ऑगस्ट लागेपर्यंत तिथे खूर पडू द्यायचा नाही,
असा सगळ्यांच्या सहीचा ठराव.
माझीही सही आहे त्यावर, सगळ्यात खाली.
गवत गुडघाभर, मऊ,
मध्ये मध्ये रानातलं शहाजिरं.

चार रात्री
मी ब्रुनाच्या घंटेत मूठभर शेवाळ कोंबलं,
लोलक मुका केला
आणि तिला एकटीला तिकडे नेलं.
चंद्र होता. मी दगडावर बसून राहिलो.
चरताना कापड फाटल्यासारखा जो आवाज होतो
तो एवढा मोठा वाटला
की खाली गावात दिवे लागतील.
कुत्र्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं.

मालक वर आले.
धुतलेले सदरे, खिशात पेन्सिली.
रीत अशी, ज्यानं त्यानं आपल्या गाईची धार काढायची.
मेंगिया शेवटी पोचली, बोटं सांध्यांपाशी सुजलेली.
तिनं कपाळ ब्रुनाच्या कुशीला टेकवलं.
बोलली काही नाही.
बराच वेळ आचळांना हातही लावला नाही.
मग चरवीत पहिली धार वाजली,
पत्र्यावर, बारीक;
मग फेसात बुडून आवाज जाड होत गेला.

साडेआठ किलो. सकाळी नऊ.
रिश कादुफनं आकडा दोनदा खोडला
आणि दोन्ही वेळा तोच लिहिला.
मेंगियानं चरवी उचलण्याआधी
नाक खाली नेलं, वास घेतला,
माझ्याकडे बघितलं.
मी दाव्याची गाठ सोडत होतो.
गाठ सुटलेलीच होती.

सप्टेंबरात चीज वाटलं, गाई उतरल्या.
खोपटं झाडून, चूल विझवून
मी किल्लीसाठी हात वर केला,
तर फळीवर तिच्या खुणेची चाकं.
तीन अख्खी, आणि एक
तारेनं नीट कापलेलं, पाऊण.
चिठ्ठी नव्हती.
कुठल्या कागदावर मांडलं असेल तिनं हे;
की कागद लागलाच नसेल,
ब्रुना एरवी किती देते
ते त्या सुजलेल्या बोटांना पाठ होतं.

आता हे चीज दहा जणांचं.
दहा दारं ठोठवायची
आणि प्रत्येक दारात चार रात्री सांगायच्या.
पहिल्या दारापर्यंत गेलो एकदा.
आत जेवणं चालली होती, परतलो.

मग बर्फ पडलं, वाट बुजली,
आणि मी ते खात राहिलो, पातळ कापून,
कुत्र्याला सालं टाकत.
शहाजिऱ्याचा वास यायचा त्याला.
चौसष्ट गाईंच्या दुधात
एकीच्या चार रात्री कशा टिकतील,
हे मलाही कळतं.
पण यायचा.